ढगाचंच झालं झुडूप!

घरातला एखादा मोबाइल घे. आईचा, बाबांचा, आजीचा, कुणाचाही चालेल. त्यात काढलेला एक फोटो उघड आणि तो किती जागा खातो ते बघ. काय लिहिलंय? ३ एमबी? ४ एमबी?

लक्षात ठेव हं हा आकडा!

आता सांग, मारिओ माहीत आहे ना? लाल टोपीवाला, मिशीवाला, टुणटुण उड्या मारत डोक्याने विटा फोडणारा! 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा त्याचा गाजलेला खेळ जपानमध्ये १९८५ साली आला. क्योतो शहरातल्या निन्टेन्डो कंपनीने तो बनवला. त्यात आठ जगं होती. प्रत्येक जगात चार लेव्हल, म्हणजे झाल्या ३२! शिवाय कासवं, मासे, तोफगोळे, आगीचे गोळे, ढगावर बसून काटेरी प्राणी फेकणारा खट्याळ लाकितू, शेवटी आग ओकणारा बाउझर आणि त्याच्या तावडीतली राजकन्या. गाणी वेगळी, आवाज वेगळे.

एवढा मोठा खेळ किती जागेत मावला असेल? ओळख बघू!

फक्त ४० केबी!

खरंच! मगाशी बघितलेल्या ३ एमबीच्या एका फोटोच्या जागेत असे पंचाहत्तरहून जास्त मारिओ मावतील. एका फोटोत!

आणि ही तर त्याहून भारी गंमत. तू आत्ता जो लेख वाचतोयस किंवा वाचतेयस ना, तो संगणकात टाइप केला की साधारण तेवढीच जागा घेतो. म्हणजे नुसती मारिओची गोष्ट सांगायला मला जेवढी जागा लागली, जवळजवळ तेवढ्यातच त्या लोकांनी खराखुरा, खेळता येणारा मारिओ बसवला!

कसं जमलं असेल? तेच तर बघायचंय!

आधी हे केबी-एमबी म्हणजे काय ते सांगते. संगणकाच्या पोटात इवलीइवली बटणं असतात. बटण एकतर चालू, नाहीतर बंद. तिसरं काही नाही. अशा एका बटणाएवढ्या जागेला म्हणतात बिट. आठ बिट शेजारी शेजारी ठेवले की झाला एक बाइट. आठ बटणं वेगवेगळ्या प्रकारे चालू-बंद करून बघितली तर २५६ तऱ्हा होतात. म्हणून एका बाइटात ० पासून २५५ पर्यंतचा कुठलाही एक आकडा बसतो. एकच बरं का!

१०२४ बाइट म्हणजे १ केबी. १०२४ केबी म्हणजे १ एमबी. आणि १०२४ एमबी म्हणजे १ जीबी. झालं, एवढंच!

आता 'मारिओ' हा शब्द घे. म, काना, र, वेलांटी आणि ओ. पाच खुणा. मराठीतली प्रत्येक खूण संगणकात साधारणपणे तीन बाइट घेते. म्हणजे नुसतं 'मारिओ' लिहायला १५ बाइट गेले! हा १५चा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे.

तर, जुन्या काळी हे खेळ कॅसेटमध्ये यायचे. घरी विचारून बघ. १९९०च्या आसपास आपल्याकडे टीव्हीला जोडायचे खेळ मिळायचे. त्यात वरून एक जाडजूड प्लॅस्टिकची कॅसेट खोचायची की टीव्हीवर मारिओ धावायला लागायचा! त्या कॅसेटमध्ये गोल फिरणारी फीत मात्र नसायची. असायच्या छोट्या चिप.

मारिओच्या कॅसेटमधल्या ४० केबीचे दोन भाग होते. ३२ केबीत सगळ्या सूचना: काय केव्हा करायचं, कोण कुठे उभं राहणार, कुठला आवाज कधी वाजणार. आणि उरलेल्या ८ केबीत सगळी चित्रं.

हे स्वयंपाकघरासारखं आहे बघ! कॅसेट म्हणजे पाककृतींची वही. ती फक्त वाचायची, तिच्यात खाडाखोड करायची नाही. पण नुसत्या वहीने जेवण होतं का? छे! पीठ मळायला, भाजी चिरायला ओटा लागतो. काम चालू असताना सगळा पसारा तिथेच. काम संपलं की पुसून लख्ख! संगणकालाही असा ओटा असतो. त्याला म्हणतात रॅम. मारिओ आत्ता कुठे आहे, किती नाणी मिळाली, कासव डावीकडे चाललंय की उजवीकडे, हे सगळं त्या ओट्यावर.

आणि त्या काळच्या निन्टेन्डोच्या यंत्राचा ओटा केवढा होता माहितीये? २ केबी! आजच्या एखाद्या फोनची रॅम ८ जीबी असते. ती या ओट्याच्या चाळीस लाखांहून जास्त पट मोठी आहे. चाळीस लाख!

वही छोटी, ओटा त्याहून छोटा. आता करायचं काय?

पहिली युक्ती चित्रांची. टीव्हीचा पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. या यंत्रात आडवे २५६ ठिपके आणि उभे २४०. एकेका ठिपक्याचा रंग लिहून ठेवायचा तर एकसष्ट हजारांहून जास्त ठिपके होतात, तेही एकाच चित्रात! म्हणून त्यांनी ठसे बनवले. प्रत्येक ठसा ८ ठिपके रुंद आणि ८ ठिपके उंच. पडद्यावर आडवे ३२ ठसे, उभे ३०. वीट हवी? विटेचे ठसे उमटव. पाइप हवा? पाइपचे ठसे उमटव. एक ठसा हवा तितक्या वेळा वापर, जागा एकदाच लागणार!

एका ठशाला किती बाइट लागायचे? १६! आठवला का मगाचा १५? 'मारिओ' हा शब्द आणि त्याच्या चित्राचा एक ठसा, दोघांना जवळजवळ सारखीच जागा. ८ केबीत असे ५१२ ठसे बसायचे. त्यातले २५६ मागच्या देखाव्यासाठी आणि २५६ हलणाऱ्या-धावणाऱ्या मंडळींसाठी. ५१३वा ठसा मिळणार नाही म्हणजे नाही. जपून वापरा!

चौकटीची वही असेल तर आत्ताच घे. आठ चौकटी आडव्या, आठ उभ्या. चारच रंग वापरायचे, आणि त्यातला एक मागच्या पार्श्वभूमीचा, म्हणजे रिकामा सोडायचा. काढ बघू त्यात एक आंबा! जमतोय? मांजर? मांजर जरा कठीण जातं. मिशा कुठे काढायच्या हाच प्रश्न पडतो.

हसू नकोस, हाच प्रश्न मारिओ काढणाऱ्यालाही पडला होता! त्यांचं नाव शिगेरू मियामोतो. १९८१ साली 'डाँकी काँग' नावाच्या खेळात त्यांनी मारिओला पहिल्यांदा आणलं. तेव्हा चित्र इतकं बारीक होतं की तोंड काढायला जागाच नव्हती. मग? मोठं नाक आणि त्याखाली मिशी! तोंड दिसलं नाही तरी चेहरा ओळखू आला. उडी मारताना केस भुरभुर उडताना दाखवणं फारच अवघड, म्हणून घातली टोपी. हात हलताना नीट दिसावेत म्हणून अंगात सदरा आणि वर वेगळ्या रंगाची पट्ट्यांची विजार. जगभरातली मुलं ज्याला ओळखतात, त्या मारिओची मिशी चित्रात ठिपके कमी पडले म्हणून उगवली!

आता येते माझी सगळ्यात आवडती गंमत. कुठूनतरी त्या जुन्या खेळातलं पहिल्या लेव्हलचं चित्र मिळव. वर निळ्या आभाळात पांढरे गुबगुबीत ढग आहेत. खाली जमिनीवर हिरवी गुबगुबीत झुडपं आहेत. आता नीट बघ. वरचा ढग बघ, खालचं झुडूप बघ. पुन्हा ढग, पुन्हा झुडूप...

दिसलं? तो एकच आकार आहे! ढगाचा वरचा गोलगोल भाग घेतला, हिरवा रंगवला, जमिनीवर ठेवला. झालं झुडूप!

कित्येक वर्षं कितीतरी मुलं हा खेळ खेळली आणि त्यांच्या हे लक्षातच आलं नाही. हिरवं दिसलं की आपलं डोकं म्हणतं 'झाड', पांढरं दिसलं की म्हणतं 'ढग'. बनवणाऱ्यांनी आपल्या डोक्यालाच कामाला लावलं!

हे कसं जमायचं? ठशात रंगाचं नाव नसायचंच. त्यात फक्त लिहिलेलं असायचं: हा ठिपका पहिल्या वाटीतला, हा दुसऱ्या, हा तिसऱ्या वाटीतला. वाटीत कुठला रंग ओतायचा ते नंतर ठरायचं. पांढरा ओतला, ढग. हिरवा ओतला, झुडूप. जमिनीवरच्या तपकिरी विटा तळघरात गेल्यावर निळसर दिसतात ना? ठसे तेच, वाट्या बदलल्या. आणि मारिओचा भाऊ लुइजी? तोही मारिओच, नुसते कपडे बदललेला! पुढच्या खेळांमध्ये लुइजी उंच, सडपातळ झाला खरा, पण या खेळात त्याच्यासाठी वेगळे ठसे नव्हतेच.

अजून एक गंमत! पहिल्याच लेव्हलमध्ये एक तपकिरी, रागीट चेहऱ्याचा, अळंबीसारखा प्राणी पाय टाकत येतो. त्याचं नाव गुम्बा. चालताना तो डावा पाय, उजवा पाय, डावा पाय, उजवा पाय करतो. त्यासाठी दोन चित्रं लागणार, नाही का?

नाही! चित्र एकच. ते आरशात दिसतं तसं उलटं करायचं. पुन्हा सुलट. पुन्हा उलट. बस, गुम्बा चालायला लागला! यंत्राला चित्र उलटं करायला काहीच जागा लागत नाही, नुसतं 'उलटं कर' एवढं सांगायचं. चमकणारा तारा बघितलास? त्याचा अर्धाच भाग कॅसेटमध्ये होता. दुसरा अर्धा म्हणजे पहिल्याचं आरशातलं रूप!

आवाजातही हीच हातचलाखी. मारिओ पाइपमधून खाली जातो तेव्हा जो आवाज येतो, तोच त्याला मार लागून तो छोटा होतो तेव्हा येतो. गुम्बाच्या डोक्यावर उडी मारल्यावर जो आवाज, तोच पाण्यात हात मारून पोहताना. खेळताना तुझ्या हे लक्षातही येणार नाही, कारण प्रसंग वेगळा असतो. आता मात्र दर वेळी ऐकू येणार बघ!

आता लेव्हलकडे येऊ, कारण खरी कमाल तिथे आहे. एका पडद्यावर ३२ गुणिले ३०, म्हणजे ९६० ठसे. कुठे कुठला ठसा ते लिहायला प्रत्येकी एक बाइट धरला, तरी एका पडद्याला ९६० बाइट. पहिली लेव्हल अशा दहाहून जास्त पडद्यांएवढी लांब आहे. असं लिहीत बसलं असतं तर तीन-चार लेव्हलमध्येच सगळी वही भरली असती! मग बाकीच्या लेव्हल, आवाज, सूचना कुठे ठेवायच्या?

इथे पुन्हा स्वयंपाकघरात ये. दिवाळीत शंभर लाडू हवेत. शंभर लाडू ठेवायला केवढे डबे लागतील! पण लाडवांची कृती? अर्धं पान. वहीत लाडू कोण ठेवतं, कृतीच ठेवतात!

मारिओच्या वहीत लेव्हलची अशीच कृती होती. 'इथे दहा विटांची रांग' एवढंच लिहायचं. आणि ते लिहायला किती जागा? दोन बाइट! पहिल्या बाइटात जागा: किती आडवं, किती उंच. दुसऱ्यात वस्तू: विटा आहेत की पाइप, आणि किती लांब. खेळ चालू झाला की यंत्र भराभर कृती वाचतं आणि पडद्याच्या उजव्या कडेला नवी जमीन बनवत जातं. मारिओ धावत असतो आणि त्याच्या पुढचं जग त्या क्षणी तयार होत असतं. आधी नव्हतंच ते!

मागचे डोंगर, ढग, झुडपं यांचं तर असं आहे की तीन पडदे झाले की तोच देखावा पुन्हा पहिल्यापासून. शोधून बघ, मिळेल. आणि पाचव्या जगातली तिसरी लेव्हल म्हणजे चक्क पहिल्या जगातली तिसरी लेव्हल, फक्त जास्त कठीण केलेली. सातव्या जगातली दुसरी म्हणजे दुसऱ्या जगातली दुसरी. अशा जोड्या अजून आहेत. सगळ्या मी सांगणार नाही, तू शोध!

बरं, वहीचं झालं. ओट्याचं काय? २ केबीच्या ओट्यावर गर्दी करून चालत नाही. म्हणून एका वेळी नेहमीचे शत्रू फक्त पाच. पाचच वाट्या मांडायला जागा! मारिओ पुढे गेला, मागचं कासव पडद्याबाहेर राहिलं, की यंत्र त्याला साफ विसरून जातं. वाटी धुतली, पुढच्या शत्रूला दिली.

आता एक मज्जा ऐक. मारिओचे जीव किती उरले ते ओट्यावरच्या एका बाइटात लिहिलेलं असायचं. तिसऱ्या जगातल्या पहिल्या लेव्हलच्या शेवटी पायऱ्या आहेत. तिथे कासवाच्या पाठीवर बरोब्बर उडी मारली की मारिओ वरच्या वर टुण टुण टुण उडत राहतो आणि जीवांवर जीव मिळत जातात! मुलांनी हे शोधून काढलं. मग काय, वीस जीव, पन्नास जीव, शंभर जीव...

आणि १२७च्या पुढे गेल्यावर मारिओ एकदा मेला की खेळ खलास! शंभरावर जीव खिशात असूनही!

का? एका बाइटात २५६ तऱ्हा, आठवतंय? जीव मोजताना यंत्राने त्याचे दोन भाग केले होते. ० ते १२७ म्हणजे खरेखुरे जीव. त्याच्या पुढचे सगळे आकडे म्हणजे शून्याच्याही खाली. त्यामुळे खूप जास्त जीव झाले की यंत्राला वाटायचं, अरेरे, याच्याकडे तर शून्यापेक्षाही कमी उरले! हावरटपणाचं फळ एका बाइटाने दिलं. मला तर हा किस्सा सांगताना दर वेळी हसू येतं.

अशाच छोट्याशा ओट्यावर माणसं चंद्रावरही जाऊन आली, हे माहितीये?

अगदी खरं! जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन अपोलो ११ मधून चंद्रावर उतरले. त्यांच्या यानातल्या संगणकाचा ओटा होता साधारण ४ केबीचा. आणि वही साधारण ७२ केबीची. ही वही कशी बनवली असेल, ओळख! विणून! खरंच, सुईसारखं हत्यार आणि बारीक तार घेऊन! अमेरिकेतल्या वॉल्थम गावच्या कारखान्यात बायका समोरासमोर बसून चुंबकी कड्यांमधून तारा ओवायच्या. तार कड्याच्या आतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. चंद्रावर उतरायचा सगळा प्रोग्रॅम असा हाताने ओवलेला! एक तार चुकली तर दुरुस्ती महाकठीण. म्हणून आधी सगळं शंभर वेळा तपासायचं आणि मगच ओवायचं.

चंद्र जवळ आला आणि अचानक संगणकावर आकडा चमकला: १२०२. धोक्याची सूचना! अर्थ असा, की ओटा भरला, नवं काम ठेवायला जागा नाही. एक रडार तेव्हा नको असताना संगणकाला कामाला लावत होतं, त्यामुळे कामं तुंबत गेली.

विचार कर, पाहुणे दारात आहेत आणि ओट्यावर जागा नाही. आई काय करते? ओटा झटक्यात रिकामा करते आणि पहिल्यांदा पोळपाट परत मांडते. चटणीचं नंतर बघू! संगणकानेही तेच केलं. सगळं क्षणात आवरलं, यान उतरवायची महत्त्वाची कामं परत सुरू केली आणि बिनमहत्त्वाची बाजूला टाकली. सूचना पुन्हा पुन्हा आली, संगणकाने पुन्हा पुन्हा आवराआवर केली, आणि यान उतरलं! असं वागायचं त्याला आधीच शिकवून ठेवलं होतं. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या चमूच्या प्रमुख होत्या मार्गारेट हॅमिल्टन. त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. शेजारी प्रोग्रॅमच्या छापील कागदांचा ढीग, बरोब्बर त्यांच्याएवढा उंच!

आणि आता एक अशी गोष्ट, जी अजून चालूच आहे.

५ सप्टेंबर १९७७ ला व्हॉयेजर १ नावाचं यान पृथ्वीवरून निघालं. गुरू बघितला, शनी बघितला आणि ते पुढेच जात राहिलं. माणसाने बनवलेली कुठलीही वस्तू एवढ्या लांब गेलेली नाही. त्याच्यावर एक सोनेरी तबकडी आहे. त्यात जगभरातलं संगीत आहे आणि भारतातर्फे गायल्या आहेत गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर! भैरवी! आपल्या केसरबाईंचा आवाज आत्ता सूर्यमालेतल्या सगळ्या ग्रहांच्या पलीकडे आहे, कल्पना कर!

व्हॉयेजरवरच्या सगळ्या संगणकांची मिळून जागा सुमारे ७० केबी. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते यान एकदम काहीच्या काही बडबडायला लागलं. संदेश येत होते, पण अर्थच लागेना!

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे नासाचे अभियंते कामाला लागले. जुने, पिवळे पडलेले कागद धुंडाळले. आणि शेवटी चोर सापडला. माहिती गोळा करून पाठवणाऱ्या संगणकातली एक चिप बिघडली होती. त्या संगणकाची जवळजवळ ३ टक्के जागा निकामी! ओट्याची एक फरशीच फुटली म्हण ना. आणि नेमक्या त्याच फरशीवर महत्त्वाचा प्रोग्रॅम ठेवलेला!

चिप बदलायला तिथे जाणार कोण? यान तेव्हा सुमारे २४०० कोटी किलोमीटर लांब होतं!

मग प्रोग्रॅमच दुसरीकडे हलवायचा. पण कुठे? पूर्ण प्रोग्रॅम मावेल अशी एकही मोकळी जागा त्या संगणकात नव्हती. एकही नाही!

सांग, तू काय केलं असतंस?

त्यांनी प्रोग्रॅमचे तुकडे केले! इथे थोडी फट आहे, एक तुकडा इथे. तिथे थोडी फट आहे, दुसरा तिथे. प्रत्येक तुकड्याला सांगावं लागलं, 'तुझं काम झालं की आता अमुक ठिकाणी जा, तुझा पुढचा भाऊ तिथे बसलाय.' प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे जुन्या जागेचा पत्ता होता, तिथे तिथे नवा पत्ता लिहावा लागला. एक पत्ता चुकला की सगळं बिनसणार. आणि चुकलं हे कळायलाही जवळजवळ दोन दिवस! कारण इथून निघालेला संदेश यानापर्यंत पोहोचायला साडेबावीस तास लागत होते, आणि उत्तर यायला आणखी साडेबावीस.

१८ एप्रिल २०२४ ला त्यांनी पहिला तुकडा पाठवला. यानाची तब्येत कशी आहे हे सांगणाऱ्या भागाला तो नवी जागा देणार होता. मग वाट बघणं आलं. २० एप्रिलला उत्तर आलं आणि ते वाचता आलं! पाच महिन्यांनी पहिल्यांदा यान स्वतःबद्दल नीट बोललं. सगळे अभियंते टेबलाभोवती बसून हात उंचावून ओरडतायत, असा त्या दिवशीचा फोटो आहे. जमलं तर नक्की शोधून बघ.

मग बाकीचे तुकडेही एकेक करून असेच फटींमध्ये बसवले. जूनपर्यंत यानावरची विज्ञानाची चारही चालू उपकरणं पुन्हा कामाला लागली, आणि ताऱ्याताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेची मोजमापं पृथ्वीवर यायला लागली!